दुसरा रामसेस : भिंतीवरचा राजा आणि पत्रांतला माणूस

इजिप्तची चित्रलिपी शिकायला वर्षं जातात. पण त्यातलं एकच नाव ओळखायला शिकलात, तरी तिथल्या देवळांतून हिंडताना ‘अरे, इथेही हाच!’ असं सारखं म्हणाल. दोरीचा वेढा घालावा तशी लांबट चौकट. आत सूर्याचा गोळा, डोक्यावर पीस खोचून बसलेली माआत देवी, कोल्ह्याच्या तोंडाची काठी, शेजारी सुताराचा वाकस. वाचायचं असं : उसरमाआतरे सेतेपेनरे. हे दुसऱ्या रामसेसने गादीवर बसताना घेतलेलं नाव. रा म्हणजे सूर्यदेव आणि माआत म्हणजे सत्य, जगाची घडी नीट ठेवणारी शिस्त. ‘रा देवाची माआत बलवान आहे, रानेच याला निवडलं आहे’ असा साधारण अर्थ. ग्रीकांच्या जिभेला हे झेपेना, तेव्हा त्यांनी त्याच्या पहिल्या भागाचं ‘ओझिमँडियस’ करून टाकलं.

रामसेस हे नाव नुसतं लिहवून घेत नसे, खोल कोरवून घेत असे. कारण सोपं आहे. आधीच्या राजांच्या पुतळ्यांवरची नावं खोडून तिथे आपलं नाव घालण्यात त्याचा हातखंडा होता. वरवर कोरलेलं नाव किती सहज घासून काढता येतं, हे त्याला चांगलंच माहीत होतं. त्यामुळे त्याच्याबद्दल वाचताना एक पथ्य पाळायचं : भिंतीवर जे लिहिलंय ते त्याने स्वतःच लिहवून घेतलंय, हे विसरायचं नाही.

पुढे जाण्याआधी नावाचा एक गोंधळ मिटवू. ‘रामसेस’मध्ये आपला राम दडलेला आहे, असं सांगणारे मेसेज अधूनमधून फिरत असतात. तसं काही नाही. शब्दाची फोड रा-मेस-सू अशी आहे, ‘रा देवाने याला जन्म दिला’. थोत देवापासून झालेला तो थुतमोस, तसाच रा देवापासून झालेला हा रामसेस. ‘म’ पुढच्या शब्दाचा आहे, ‘रा’चा नव्हे.

आणि ‘फॅरो’ म्हणजे? मूळ शब्द ‘पेर-आ’, म्हणजे मोठं घर, राजवाडा. ‘वर्षावरून फोन आला’ म्हटलं की आपण मुख्यमंत्र्यांकडून आला असं समजतो ना, तसंच. घराचं नाव हळूहळू घरात बसणाऱ्याला चिकटलं.

राजघराण्यातला नव्हे, लष्करी घरातला

इजिप्तचा सगळ्यात दिमाखदार म्हणून ओळखला जाणारा हा राजा जन्माने राजपुत्र नव्हता. त्याआधीच्या काळात तिथे मोठी उलथापालथ झाली होती. अखेनातेनने जुने देव मोडीत काढून एकाच सूर्यबिंबाची पूजा सुरू केली, ती त्याच्यामागे टिकली नाही. तुतनखामेन कोवळ्या वयात, वारसाशिवाय गेला. पुढे होरेमहेब नावाचा सेनापती गादीवर आला. त्यालाही वारस नव्हता. त्याने आपला वजीर परामेस्सू याला पुढचा राजा नेमलं. परामेस्सू नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या लष्करी घराण्यातला, वयस्क माणूस. त्याच्याकडे होरेमहेबकडे नसलेली एक गोष्ट होती : कर्तबगार मुलगा, सेती. हा परामेस्सू म्हणजेच पहिला रामसेस. त्याने जेमतेम दीड-दोन वर्षं राज्य केलं. मग सेती आला, आणि सेती व राणी तुया यांचा मुलगा म्हणजे आपला दुसरा रामसेस.

एका शिलालेखात त्याच्या दरबाऱ्यांच्या तोंडी असं घातलंय, की महाराज, आपण दहा वर्षांचे असतानाच सैन्याचे प्रमुख होता. पोर खरोखर सैन्य चालवत असेल असं नाही. पण नव्या घराण्याला आपला वारस लहानपणापासून लोकांपुढे मिरवायची गरज होती. घराणं मुरलेलं असतं तर इतकं दाखवावं लागलं नसतं, असं मला वाटतं. त्याच्या आयुष्यभराच्या नाव कोरण्याच्या हौसेचं मूळही बहुधा इथेच असावं.

तो गादीवर आला इ.स.पू. १२७९ मध्ये आणि मेला इ.स.पू. १२१३ मध्ये. म्हणजे ६६ वर्षं राज्य. इजिप्तचे लोक सलग सन मोजत नसत. नवा राजा आला की ‘वर्ष पहिलं’पासून सुरुवात. त्यामुळे एखाद्या घटनेची तारीख आपल्याला ‘रामसेसच्या राज्याचं पाचवं वर्ष’ अशी मिळते आणि तिचं इसवीसनात रूपांतर करावं लागतं. या तारखा दोन-चार वर्षांनी मागेपुढे दिल्या जातात त्या यामुळेच. वर दिलेली सनावळी सर्वाधिक वापरली जाते.

कादेशची फजिती

आता ते पाचवं वर्ष, इ.स.पू. १२७४. आजच्या सीरियात, होम्सजवळ, ओरोन्तेस नदीकाठी कादेश नावाचं शहर होतं. ते आणि आजूबाजूचा मुलूख कोणाचा, यावरून इजिप्त आणि हित्ती यांचं जुनं भांडण होतं. हित्ती म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली त्या वेळची महासत्ता. त्यांचा राजा मुवातल्ली.

रामसेस चार पलटणी घेऊन निघाला. पलटणींना देवांची नावं होती : आमुन, रा, पताह आणि सेत. वाटेत दोन भटके भेटले. म्हणाले, हित्ती राजा तुम्हाला घाबरून लांब अलेप्पोकडे थांबलाय. रामसेसने विश्वास ठेवला आणि एकटी आमुन पलटण घेऊन झपाट्याने पुढे गेला. बाकीच्या तीन मागे, मैलोन्‌मैल पसरलेल्या. कादेशच्या वायव्येला तंबू ठोकले. मग दोन हित्ती हेर सापडले. त्यांना बदडून काढल्याचं दृश्य त्याच्या अबू सिंबेलच्या देवळाच्या भिंतीवर आजही दिसतं : माणसं खाली बसलेली, वरून काठ्या पडताहेत. मार खाल्ल्यावर त्यांनी खरं सांगितलं. मुवातल्ली अलेप्पोला नव्हताच. तो कादेशच्याच आड, सगळी फौज घेऊन दबा धरून बसला होता. ते दोन भटके त्यानेच पेरलेले.

तोवर उशीर झाला होता. इजिप्तच्याच नोंदीनुसार अडीच हजार हित्ती रथ चालत्या रा पलटणीच्या कुशीत घुसले आणि पळणाऱ्यांच्या मागे थेट रामसेसच्या छावणीत शिरले. इजिप्तच्या रथात दोन माणसं असत, हित्तींच्या रथात तीन. जड, पण धडक दिली तर जबरी.

इथून पुढची हकिकत रामसेसच्या शब्दांत. सगळे पळाले, एकही सरदार जवळ उरला नाही, सारथी मेन्ना भीतीने गळाठला. मी आमुन देवाचा धावा केला, तो आला, आणि मी एकट्याने हजारो रथ नदीत ढकलले! या गोष्टीत घोड्यांचीही नावं आहेत : ‘थेबेसमधला विजय’ आणि ‘मुत देवी तृप्त आहे’. यापुढे या दोघांना रोज माझ्यासमोर दाणा घालीन, असं वचनही दिलंय. मला या सगळ्या बढाईत हे एक वाक्य खरं वाटतं. ज्यांच्या पायांवर जीव वाचला त्यांचे उपकार माणूस विसरत नाही.

प्रत्यक्षात त्याला वाचवलं ते किनाऱ्याकडून वेगळ्या वाटेने येणाऱ्या त्याच्याच एका तुकडीने. ती ऐन वेळी पोचली. दिवसअखेर हित्तींचे रथ मागे हटले, पण कादेश पडलं नाही. रामसेस इजिप्तला परतला आणि अमुर्रू नावाचा जो प्रांत त्याच्याकडे आला होता तोही पुन्हा हित्तींकडे गेला. हे आपल्याला हित्तींच्या नोंदींतून कळतं. इजिप्तच्या भिंतींवर मात्र विजयच विजय : अबायडोस, कर्नाक, लक्सर, रामसेउम (त्याचं स्वतःचं स्मृतिमंदिर), अबू सिंबेल. एकाच लढाईची चित्रं आणि काव्य त्याने इतक्या ठिकाणी कोरवली, की इतक्या जुन्या काळातली सर्वांत तपशीलवार माहिती असलेली लढाई हीच ठरली. गंमत अशी, की त्याची फसगतही आपल्याला त्यानेच सांगितली. दोन भटक्यांचा प्रसंग त्याने गाळला असता, तर आपल्याला कधी कळलंही नसतं.

तह, आणि एक चमत्कारिक पत्र

मला विचाराल तर रामसेसचं खरं मोठेपण त्यानंतर सोळा वर्षांनी दिसलं. राज्याच्या एकविसाव्या वर्षी त्याने हित्तींशी तह केला. तोवर मुवातल्ली मेला होता, त्याच्या मुलाला हटवून भाऊ हत्तुसिली गादीवर बसला होता, आणि पदच्युत पुतण्या पळून आश्रयाला आला होता तो थेट इजिप्तच्या दरबारात. पूर्वेकडे, आजच्या उत्तर इराकमध्ये, असिरिया डोकं वर काढत होता. हत्तुसिलीला पाठीशी कोणीतरी हवं होतं. रामसेसलाही कळून चुकलं होतं, की उत्तर सीरिया आपल्याला पचणारा नाही.

तह चांदीच्या पत्र्यावर लिहून एकमेकांना दिला गेला. तो पत्रा आज नाही. पण इजिप्तने आपली प्रत कर्नाकच्या भिंतीवर कोरली, आणि हित्तींची प्रत मातीच्या विटांवर, त्या काळी राजकारणाची भाषा असलेल्या अक्कादी भाषेत, १९०६ मध्ये तुर्कस्तानात त्यांच्या जुन्या राजधानीत सापडली. दोन्ही बाजूंचा मजकूर हाती असलेला इतका जुना तह दुसरा नाही. त्याची मोठी प्रतिकृती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत लावली आहे. दोन प्रती शेजारी ठेवल्या की हसू येतं. इजिप्तची म्हणते हित्ती शांती मागत आले, हित्तींची म्हणते इजिप्तने पुढाकार घेतला.

कलमं मात्र कोणत्याही वकिलाने वाखाणावीत अशी. एकमेकांवर चालून जायचं नाही. तिसऱ्याने हल्ला केला तर मदतीला यायचं. पळून आलेली माणसं परत करायची, पण परत केलेल्या माणसाला शिक्षा करायची नाही, त्याचे डोळे-कान कापायचे नाहीत, त्याच्या बायकामुलांना आणि घराला हात लावायचा नाही.

यानंतर दोन दरबारांत पत्रांची रीघ लागली. राण्याही लिहू लागल्या. नेफर्तारीने हित्ती राणी पुदुहेपाला ‘बहीण’ म्हणत खुशाली कळवली, भेट म्हणून सोन्याचा हार धाडला. चौतिसाव्या वर्षी हत्तुसिलीची मुलगी रामसेसशी लग्न करून इजिप्तला आली, आणि त्याआधी हुंडा आणि प्रवासाची घासाघीस रीतसर झाली. लग्न म्हटलं की देण्याघेण्यावरून कुरबूर आलीच, मग व्याही महाराजाधिराज का असेनात.

पण या पत्रांतलं सगळ्यात भारी पत्र वेगळंच आहे. हत्तुसिलीने कळवलं होतं, की माझ्या बहिणीला मूल होत नाही, तुमच्याकडचा वैद्य पाठवा. इजिप्तच्या वैद्यांची तेव्हा दूरवर ख्याती होती. रामसेसने उत्तर दिलं : तुझ्या बहिणीला मी ओळखतो. ती पन्नास वर्षांची म्हणतोस? छे, साठीची आहे! साठीच्या बाईला मूल होण्याचं औषध कोणी बनवू शकत नाही. तरी देवाच्या मनात असलं तर बघू, वैद्य पाठवतो. राजनैतिक पत्रव्यवहारात असा फटकळपणा क्वचितच सापडेल. भिंतीवरचा देवासारखा रामसेस मला कधी जवळचा वाटला नाही. या पत्रातला वाटतो.

शंभराच्या आसपास मुलं

गादीवर येण्याआधीच त्याच्या दोन प्रमुख बायका होत्या : नेफर्तारी आणि इसेतनोफ्रेत. इतर राण्या आणि दासी वेगळ्या. मुलगे पन्नासच्या आसपास, मुलीही जवळपास तितक्याच. हे आपल्याला कळतं, कारण त्याने देवळांच्या भिंतींवर मुलांच्या रांगा जन्मक्रमाने, नावांसकट कोरल्या.

नेफर्तारीवर त्याचा जीव होता, असं म्हणायला आधार आहे. अबू सिंबेलला त्याने स्वतःचं देऊळ डोंगरात कोरलं, दाराशी वीस-एकवीस मीटर उंचीचे स्वतःचे चार पुतळे. शेजारी नेफर्तारीसाठी दुसरं देऊळ. राणीचा पुतळा राजाच्या गुडघ्याइतका करायची रीत होती. इथे ती राजाच्या बरोबरीने, तितक्याच उंचीची उभी आहे. लेख म्हणतो, ‘जिच्यासाठी सूर्य उगवतो’. राण्यांच्या खोऱ्यातलं तिचं थडगं १९०४ मध्ये इटालियन संशोधक स्कियापरेल्ली यांना सापडलं. चोरांनी ते पुरातन काळीच लुटलं होतं, पण भिंतींवरचे रंग असे, की काल दिले असावेत. पुढे खडकातलं मीठ गिलाव्यातून वर येऊन रंग सुटू लागले, तेव्हा १९८६ ते १९९२ या काळात ते फार कष्टाने वाचवावे लागले.

इसेतनोफ्रेतचं असं काही गाजलं नाही. पण गाजली नेफर्तारी आणि गादी गेली इसेतनोफ्रेतच्या पोटी. बाप इतका जगला, की युवराज एकामागून एक मरत गेले. इसेतनोफ्रेतचा एक मुलगा खाएमवासेत मेम्फिसला पताह देवाचा मुख्य पुजारी होता. त्याला जुन्या वास्तूंचा नाद. त्याच्या काळी पिरॅमिड हजार वर्षांहून अधिक जुने, पडझड झालेले होते. त्याने त्यांची डागडुजी केली आणि हे कोणत्या राजाचं, ते वर कोरून ठेवलं. बाप दुसऱ्यांची नावं खोडतोय आणि मुलगा विसरलेली नावं परत लिहितोय! त्याला पहिला इजिप्ततज्ज्ञ म्हणतात ते उगाच नव्हे. तोही बापाच्या आधीच गेला. शेवटी तेरावा मुलगा मेर्नेप्ताह राजा झाला, तेव्हा तो स्वतःच म्हातारा होता.

आधी गेलेल्या मुलांसाठी रामसेसने राजांच्या खोऱ्यात एक अजब थडगं खोदवून घेतलं. त्याचं तोंड एकोणिसाव्या शतकातच माहीत होतं, पण आत राडारोडा. तुतनखामेनचं थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरने तर आपला उपसलेला दगडमाती नेमका त्याच्या तोंडावर टाकला. पुढे रस्ता रुंद करायची वेळ आली तेव्हा केंट वीक्स या अमेरिकन संशोधकाने ते पुन्हा उघडलं, आणि १९९५ मध्ये एका दाराआड बोळ लागला, त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या, टोकाला ओसायरिस देवाची मूर्ती. मोजता मोजता १२० हून जास्त खोल्या आणि बोळ निघाले.

मागे इतकी प्रजा असूनही घराणं टिकलं नाही. मेर्नेप्ताहने दहाएक वर्षं राज्य केलं, मग भाऊबंदकी, मग एक पोरवयाचा राजा, मग एक राणी, आणि रामसेसच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांत घराणं संपलं. पुढच्या घराण्यातल्या राजांनी मात्र त्याचंच नाव घेतलं. तिसऱ्यापासून अकराव्यापर्यंत नऊ रामसेस झाले. तिसऱ्याने तर स्वतःच्या मुलांची नावंही दुसऱ्याच्या मुलांवरून ठेवली.

बायबलमधल्या मोझेसच्या गोष्टीतला फॅरो हाच, असं सिनेमांमुळे घट्ट बसलंय. बायबल त्या फॅरोचं नावच घेत नाही. ‘रामसेस’ नावाच्या शहराचा उल्लेख येतो, एवढंच. ते शहर खरं होतं : पी-रामसेस, त्याची त्रिभुज प्रदेशातली राजधानी. पुढे तिथला नाईलचा फाटा गाळाने भरला आणि नंतरच्या राजांनी तिथले पुतळे आणि दगड उचलून तानिस या नव्या शहरात नेले. इतरांचे पुतळे पळवणाऱ्याचे पुतळे पळवले गेले.

अबू सिंबेललाही पाण्यामुळेच हलावं लागलं. आस्वानचं मोठं धरण होणार, देऊळ बुडणार, म्हणून १९६४ ते १९६८ या काळात ते करवतींनी कापून, सुमारे पासष्ट मीटर वर नेऊन पुन्हा जुळवलं. त्या बुडित मुलखात उत्खननाला भारतीय पुरातत्त्व खात्याची तुकडीही गेली होती, बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली.

नाकातली मिरी

आणि स्वतः रामसेस? त्याचं थडगं लुटलं गेल्यावर पुजाऱ्यांनी त्याची ममी हलवली, पुन्हा हलवली, आणि शेवटी इतर राजांसोबत दैर अल-बहरीच्या कड्यातल्या एका गुप्त भुयारात ठेवली. कुठून कुठे नेली, त्याची नोंदही ठेवली. तिथे ती जवळपास तीन हजार वर्षं राहिली.

१९७६ मध्ये बुरशी लागली म्हणून तिला विमानाने पॅरिसला नेलं. विमानतळावर लष्करी मानवंदना झाली. (इंटरनेटवर फिरणारा त्याचा ‘पासपोर्ट’ मात्र हल्लीच कोणीतरी बनवलेलं चित्र आहे.) तपासणीत दिसला एक नव्वदीचा म्हातारा : दातांत गळवं, रक्तवाहिन्या कडक झालेल्या, पाठीचा कणा आखडलेला. आणि नाकपुड्यांत काळी मिरी. पट्ट्या आवळताना नाक चपटं होऊ नये म्हणून भरलेली. काळी मिरी तेव्हा पिकायची ती दक्षिण भारतात, मलबारच्या बाजूला. कोणत्या वाटेने, किती हातांतून ती इतक्या लांब पोचली असेल!

पण मला त्याच्या प्रवासातला आवडतो तो आधीचा टप्पा. त्या कड्याजवळच्या गावातलं अब्द अल-रसूल कुटुंब दहाएक वर्षं त्या भुयारातल्या वस्तू गुपचूप विकत होतं. १८८१ मध्ये भांडाफोड झाला. पुराणवस्तू खात्याच्या माणसांनी दोन दिवसांत पन्नासेक ममी बाहेर काढल्या आणि आगबोटीवर चढवून कैरोला रवाना केल्या. बातमी पुढे पोचली होती. लक्सरपासून कुफ्तपर्यंत नाईलच्या दोन्ही काठांना माणसं जमली. बायका केस मोकळे सोडून, आक्रोश करत बोटीबरोबर धावत होत्या. पुरुषांनी बंदुकीचे बार काढले, गावात कोणी गेलं की काढत तसे.